बोगनवेल घ्यावी, पण बहरावर भुलून नव्हे: नागपूरच्या एका रोपवाटिकेचे परीक्षण

काटोल रस्त्यावर शहराची वस्ती विरळ होऊ लागते, त्या भागातील एका रोपवाटिकेतून आम्ही घराच्या कुंपणासाठी आणि गच्चीसाठी बोगनवेलीची रोपे घेतली. पावसाळ्यापासून मे अखेरच्या नवतप्यापर्यंतचे (सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंतचे) सगळे ऋतू या रोपांनी आमच्याकडे काढल्यानंतरच त्यांच्याविषयी लिहिणे मला योग्य वाटले. कारण फुललेले रोप घरी आणून लगेच दिलेला अभिप्राय हा रंगाविषयीचा असतो, रोपाविषयीचा नव्हे. माझे मत आधीच सांगून टाकते. रोपे निरोगी आहेत, वाणांची निवड मी पाहिलेल्या इतर रोपवाटिकांपेक्षा मोठी आहे, पण तिथे मिळणारा सल्ला अर्धाच उपयोगी आहे आणि किंमत लावण्याची रीत मला अजिबात पटलेली नाही. तिथे ज्या गोष्टीचे जास्त पैसे घेतले जातात ती गोष्ट, म्हणजे त्या दिवशी रोपावर असलेला बहर, थोड्याच आठवड्यांत झडून जाते; आणि ज्यांवर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात त्या गोष्टींबद्दल, म्हणजे मुळांचा गड्डा, खोडाची जाडी आणि वाणाची खात्री यांबद्दल, कोणी अवाक्षरही काढत नाही.

पहिला गैरसमज रोपवाटिकेतच पसरवला जातो. ‘भिंतीशी लावून द्या काकू, आपोआप वर चढते,’ असे मला तिथल्या माणसाने सांगितले. बोगनवेल आपोआप चढत नाही. तिला काकडी-दोडक्यासारखे तणावे नसतात, मनीप्लांटसारखी खोडावरून फुटणारी मुळे नसतात, आणि गारवेलीसारखी ती आधाराभोवती स्वतःला गुंडाळूनही घेत नाही. ती मुळात आरोही झुडूप आहे: लांबलचक, लवचिक फांद्या शेजारच्या झाडांवर टाकायच्या आणि काट्यांच्या आधाराने तिथे अडकून राहायचे, ही तिची रानातली रीत. उच्च माध्यमिक वर्गांच्या जीवशास्त्रात समजात अवयवांचे उदाहरण म्हणून बोगनवेलीचा काटा आणि भोपळावर्गीय वेलींचा तणावा शेजारी शेजारी दाखवलेले असतात, ते याच कारणाने. दोन्हींचा उगम पानाच्या बगलेत होतो, पण एकाने पकडण्याचे काम घेतले आणि दुसऱ्याने मुख्यतः बोचण्याचे. सपाट, प्लॅस्टर केलेल्या भिंतीवर या काट्यांना अडकायला काहीच नसते. त्यामुळे भिंतीवर तारा किंवा जाळी ठोकून, फांद्या कोवळ्या असतानाच त्या सुतळीने सैल बांधत गेल्याशिवाय भिंत झाकली जात नाही, आणि हा खर्च रोपाच्या किमतीहून अधिक होतो, हे ग्राहकाला आधीच कळायला हवे. उलट ज्यांना वेल नकोच आहे त्यांनी छाटणी करून तिचे आटोपशीर झुडूप ठेवावे; रस्त्यांच्या दुभाजकांवर ती अशीच ठेवलेली दिसते आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची तिरीपही अडवते.

आता फुलांविषयी. ज्याला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो तो राणी, केशरी किंवा पांढरा कागदी भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती रंगीत झालेली पाने, म्हणजे छदे आहेत. तीन छदांच्या मध्ये तीन बारीक, नळीसारखी, फिकट पांढरी किंवा पिवळसर फुले असतात आणि प्रत्येक फूल एकेका छदाच्या शिरेला चिकटलेले असते. खरे फूल लवकर कोमेजते, पण छद मात्र आठवडे टिकते, आणि बोगनवेलीच्या बहराची जी दीर्घ मुदत आपल्याला भुरळ घालते तिचे रहस्य इतकेच आहे. रंगही गुलाब-जास्वंदीतल्या रंगद्रव्यांचा नाही. तो बीटाला लाल करणाऱ्या बीटालेन गटातला आहे. कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी आणि पावसाळ्यात पडीक जागी पसरणारी पुनर्नवा या तिच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत, हे त्यांची नळीदार फुले जवळून पाहिल्यावर पटते. सुगंधाची अपेक्षा मात्र ठेवू नये. ज्यांना संध्याकाळी दाराशी दरवळ हवा आहे त्यांनी जाई, जुई किंवा मधुमालती लावावी. मधुमालतीची फुले पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होतात, ती सुंदरही दिसते, पण तिला बोगनवेलीपेक्षा पाणी जास्त लागते आणि मे महिन्यात ते देण्याची तयारी हवी.

नागपूरच्या हवामानाचा विचार केला तर मला या झुडपाला तोड दिसत नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला, कुंड्यांमधली शेवंती, गुलाब आणि जास्वंद माना टाकू लागली, तरी बोगनवेल दुपारी पाने थोडी लोंबवते आणि सकाळी पुन्हा ताठ उभी राहते. ब्राझील, बोलिव्हिया, पेरू या दक्षिण अमेरिकी देशांमधून आलेल्या या वनस्पतीला कोरडे महिने नवे नाहीत. उलट मुळांना थोडी तहान लागली की तिचा बहर वाढतो. थंडीतले लहान दिवसही तिला मानवतात, त्यामुळे आपल्याकडे दिवाळीनंतर रंग चढू लागतो आणि उन्हाळ्यात तो भरात असतो. पावसाळ्यात मात्र ती बहुधा पानेच वाढवते. एक अट अशी की दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळालेच पाहिजे. धरमपेठ किंवा रामदासपेठेतल्या उंच इमारतींच्या मधल्या बोळकांडीत, उत्तरेकडच्या बाल्कनीत ती जगेल, हिरवीगार दिसेल, आणि फुलण्याचे नाव काढणार नाही. तशी जागा असलेल्यांनी हा खर्च करू नये.

हवा अनुकूल असली तरी आपली माती तिच्या प्रकृतीची नाही, आणि रोपवाटिकेच्या सल्ल्यातील सर्वांत मोठी उणीव इथे आहे. विदर्भाची काळी माती कपाशीला उत्तम. पण ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. बोगनवेलीची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात. चिखलात ती कुजतात आणि जमीन फाटू लागली की तुटतात. त्यामुळे जमिनीत लावताना खड्डा मोठा घ्यावा, निघालेल्या काळ्या मातीत जवळपास तितकाच मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी, थोडे कुजलेले शेणखत घालावे आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंचावर बसवावे, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या झडीत बुंध्याशी पाणी साचत नाही. आमच्या कुंपणाशी याच पद्धतीने लावलेली रोपे पहिल्या पावसाळ्यात एकही पान न पिवळवता वाढली. रोपवाटिकेने मुरुमाचा उल्लेखही केला नाही. त्यांचे स्वतःचे रोप मात्र लाल माती आणि वाळूच्या मिश्रणात होते, म्हणजे माहिती त्यांना नक्कीच आहे. ती सांगण्याचे कष्ट कोणी घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा सल्ला होता, ‘रोज पाणी टाकत जा.’ नव्याने लावलेल्या रोपाला पहिले काही आठवडे हे ठीक आहे, मुळे धरलेल्या झुडपाला मात्र ते बाधक आहे. पानाच्या बगलेत येणारा जो अंकुर आहे त्याचे परिस्थितीनुसार फुलोऱ्यात किंवा काट्यात रूपांतर होते. पाणी आणि नत्र भरपूर मिळाले, ऊन कमी पडले, की झाड वाढीच्या मागे लागते आणि फुलोऱ्याच्या जागी काटे येतात. रोपवाटिकेच्या गल्ल्याजवळ युरियाच्या छोट्या पुड्या मांडून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक रोपाबरोबर एक सुचवली जाते, म्हणजे आधी काटे वाढवण्याची सोय करून द्यायची आणि मग ‘फुले का येत नाहीत’ म्हणून ग्राहक परत आला की ‘बूस्टर’ नावाची बाटली पुढे करायची, असा हा व्यवहार आहे. जमिनीतल्या मुरलेल्या बोगनवेलीला हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुष्कळ होते; कुंडीत मातीचा वरचा थर पूर्ण सुकला की मग भरपूर द्यावे आणि पुन्हा सुकू द्यावे. याच संदर्भात आपल्याकडच्या एका सवयीविषयी सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीचे उरलेले पाणी कुंड्यांमध्ये ओतण्याची रीत घरोघरी आहे. बाष्पीभवन होत राहिल्याने त्या पाण्यात क्षार साठत जातात; विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर ते आणखीच जड होते. बोगनवेल ते काही काळ सहन करते, पण कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की ही काटकसर थांबवावी.

वाणांच्या बाबतीत रोपवाटिकेचे कौतुकही करावेसे वाटते आणि तक्रारही. राणी रंगाची साधी बोगनवेल सर्वत्र मिळते, तशी ती तिथेही होती, आणि कुंपणासाठी माझ्या मते तीच सर्वोत्तम ठरते. तिची वाढ जोमदार, बहर विपुल आणि किंमत सर्वांत कमी. ग्लाब्रा जातीची गुळगुळीत पाने आणि तुलनेने लहान काटे, तर स्पेक्टॅबिलिस जातीची लवदार पाने आणि दणकट, मोठे काटे, एवढा फरक लक्षात ठेवला तर बिनफुलांच्या रोपातूनही निवड करता येते. जिथे लहान मुलांचा वावर आहे तिथे पहिली घ्यावी. कुंपणावरून कोणी आत येऊ नये अशी इच्छा असेल तर दुसरी.

गच्चीसाठी घेतलेली ‘मेरी पामर’ ही मला सर्वांत समाधान देणारी खरेदी ठरली. एकाच झुडपावर, कधी एकाच फांदीवर, पांढरी आणि राणी अशी दोन्ही छदे येतात, आणि पाहुण्यांना हे दोन कलमांचे काम वाटते. ते कलम नाही. कोलकात्याच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत एका फांदीत आपोआप झालेल्या बदलातून १९४९ साली हा वाण हाती आला. पुढे याच वाणातून बंगळूरच्या लालबागेत ‘थिम्मा’ निघाला, ज्याच्या पानांच्या मध्यभागी पिवळसर पट्टा असतो, त्यामुळे फुले नसतानाही झुडूप उजळ दिसते. थिम्माबद्दल एक सावधगिरी: त्यावर अधूनमधून पूर्ण हिरव्या पानांची फांदी फुटते, ती इतरांपेक्षा वेगाने वाढते आणि वेळीच बुडातून कापली नाही तर काही काळाने सगळे झाड हिरवे होऊन बसते. रोपवाटिकेतल्या थिम्माच्या निम्म्या रोपांवर अशा हिरव्या फांद्या तशाच ठेवलेल्या होत्या, बहुधा रोप भरगच्च दिसावे म्हणून.

आता तक्रार. मेरी पामरच्या कुंडीवर ‘इम्पोर्टेड दोरंगी’ अशी चिठ्ठी होती आणि साध्या वाणाच्या कित्येक पट किंमत. बोगनवेल या अर्थाने सगळीच बाहेरून आलेली आहे. १७६६ ते १७६९ या काळात जगप्रदक्षिणा करणाऱ्या फ्रेंच मोहिमेतला वनस्पतिज्ञ फिलिबेर कोमर्सों याला ती रिओ दि जानेरोजवळ आढळली आणि मोहिमेचा प्रमुख लुई आंत्वान द बूगँव्हिल याच्या नावावरून तिला नाव मिळाले. पण जो वाण कोलकात्यात जन्मला त्याला आयात केलेला म्हणून विकणे हा शुद्ध अज्ञानाचा नाही तर हुशारीचा प्रकार आहे. बोगनवेलीच्या नव्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने स्वतःचे वाण काढले आहेत. इतकी समृद्ध परंपरा देशात असताना रोपवाटिकेत ‘डबल’, ‘केशरी’, ‘पांढरी’ आणि ‘इम्पोर्टेड’ एवढ्याच चिठ्ठ्या असाव्यात, याचे वाईट वाटते. वाणाचे नाव लिहिलेले नसेल तर ग्राहकाला त्याची वाढ किती, काटे किती, पाणी किती हे शोधताच येत नाही.

‘डबल’ म्हणून दिलेले रोप महारा गटातले निघाले. त्याचे गुच्छ गच्च, भरदार असतात, छदांची अनेक वर्तुळे असतात आणि दुरून ते गुलाबाच्या घोसासारखे दिसतात. पण या गटाची एक खोड अशी की छदे सुकल्यावर गळत नाहीत. तपकिरी होऊन फांदीला लटकत राहतात आणि हाताने, काट्यांमधून, एकेक गुच्छ कापून काढावा लागतो. ज्यांना दर आठवड्याला बागेत बसायला आवडते त्यांनी तो घ्यावा. मी तो पुन्हा घेणार नाही. साध्या वाणांची छदे गळतात, तेही निर्वेध नाही: ती हलकी असल्याने वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या अंगणात जातात आणि गच्चीवरच्या पन्हळीच्या तोंडाशी गोळा होतात. मृगाच्या पहिल्या पावसाआधी ते तोंड साफ केले नाही तर गच्चीवर पाणी तुंबते.

रोपांच्या वाहतुकीबाबत रोपवाटिकेचा अनुभव संमिश्र आहे. टेम्पोतून घरपोच सेवा वेळेवर मिळाली, माणसे नम्र होती, कुंड्या उतरवून गच्चीपर्यंत नेऊनही दिल्या. परंतु पिशवीतली रोपे त्यांनी खोडाला धरून उचलली, आणि एका रोपाचा मातीचा गड्डा पिशवीतच फुटला. बोगनवेलीच्या बाबतीत हे गंभीर आहे. मुळे एकदा हादरली की दिसायला निरोगी असलेले रोप पंधरवड्यात सगळी पाने टाकते. ते रोप तसेच गेले. कळवल्यावर त्यांनी खळखळ न करता बदलून दिले, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. ग्राहकांनी मात्र लावतानाही पिशवी ओढून न काढता ब्लेडने उभी चिरावी आणि गड्डा जसाच्या तसा खड्ड्यात ठेवावा. गुलाबासारखी मुळे मोकळी करण्याचा मोह टाळावा.

घेताना काय पाहावे, तर पिशवीखालून बाहेर आलेली मुळे जाड होऊन जमिनीत शिरलेली नसावीत, कारण रोप उचलताना ती तुटतात. खोड किमान पेन्सिलीइतके जाड असावे. आणि पानांच्या बगलेत, शेंड्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके, म्हणजे पिठ्या ढेकूण, नसावेत. या रोपवाटिकेत फुललेल्या कुंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसला नाही, पण मागच्या शेडनेटखालच्या पिशव्यांवर होता. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढावा, ती बहुधा तिथेच पोहोचते. थोडासा प्रादुर्भाव पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि निंबोळी तेलाने आटोक्यात येतो.

छाटणीबद्दल रोपवाटिकेने दिलेला सल्ला अचूक होता आणि तो मी तसाच पुढे देते: उन्हाळी बहर ओसरला की पावसाच्या तोंडावर एकदा निर्भयपणे छाटावे, कारण फुलोरा नव्या फुटीवर येतो, नंतर फांद्या हातभर वाढल्या की शेंडे खुडत राहावे. हातमोजे जाड कातडी घ्यावेत, कापडी हातमोज्यांतून काटा आरपार जातो. छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकू नयेत. वाळलेला काटा दुचाकीच्या चाकाला पुरेसा असतो. त्यांतल्या वीतभर लांबीच्या, पक्व झालेल्या काड्या मुरूम मिसळलेल्या ओलसर वाळूत खोचल्या तर पावसाळ्यात काही निश्चित फुटतात. बागेतल्या बोगनवेलीला बी क्वचितच धरते, त्यामुळे सगळा प्रसार अशा छाट कलमांनी किंवा गुटी कलमांनीच होतो. म्हणजे शेजाऱ्याकडे हवा तो वाण असेल तर रोपवाटिकेत जाण्याचीही गरज नाही. दुहेरी आणि चट्ट्यापट्ट्यांच्या वाणांच्या काड्या मात्र साध्या वाणांइतक्या सहज मूळ धरत नाहीत, तिथे तयार रोपाचे पैसे देणे परवडते.

किमतीच्या बाबतीत माझा हिशेब साधा आहे. फुललेल्या कुंडीतले रोप आणि त्याच वाणाचे पिशवीतले रोप यांत तिप्पट-चौपट अंतर असते, आणि वर्षभराने दोन्ही एकाच उंचीला पोहोचतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपवाटिकेत जाऊन फुले पाहावीत, वाण ठरवावा, शक्य असेल तर त्याच झाडाच्या काड्यांपासून केलेली रोपे बाजूला ठेवायला सांगावीत आणि खरेदी मात्र पहिला चांगला पाऊस पडून जमीन निवल्यावर करावी. त्या वेळी फुले नसल्याने भाव उतरलेला असतो, घासाघीसही ऐकली जाते, आणि रोपाला उन्हाळ्यापूर्वी मुळे धरायला आठ-नऊ महिने मिळतात. कुंपणासाठी साधी राणी, गच्चीवरच्या मोठ्या कुंडीसाठी मेरी पामर, आणि दररोज झाडाकडे बघायला वेळ असेल तर थिम्मा, ही माझी या रोपवाटिकेपुरती शिफारस आहे. युरियाची पुडी आणि बूस्टरची बाटली मात्र गल्ल्यावरच परत करावी.